रात्रीची खाज एकट्या बाळाची नसते

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. शब्द वेगळे, गाव वेगळे, पण म्हणणे एकच : लेकराच्या अंगावर पुटकुळ्या आल्यात, कशाच्या ते कळत नाही, ट्यूब लावली की बसतात, थांबवली की पुन्हा उठतात. आता काय करावे?

मराठवाड्यातून एका भगिनीने सविस्तर लिहिले आहे. बाळ १४ महिन्यांचे. तीन महिन्यांपासून तळहात, तळपाय, काखा आणि कमरेभोवती बारीक पुटकुळ्या. दिवसा खेळते, पण रात्री झोपेत कुरकुरते, पाय एकमेकांवर घासते, रडत उठते. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने आठ दिवस बरे वाटते. सासूबाईंच्या मते ही अंगातली गरमी, म्हणून अंडे, मासे, वांगे बंद. शेजारणीच्या मते दुधाचा परिणाम, म्हणून वरचे दूधही बंद. दोन महिन्यांत बाळाचे वजन वाढलेले नाही. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावी तशी एक ओळ : मोठ्या मुलीलाही रात्री खाज येते, मलाही मनगटाला थोडी आहे.

आमच्या दृष्टीने सगळ्या पत्रात मोलाची ओळ तीच.

पत्रावरून निदान होत नाही आणि आम्ही ते करणारही नाही. त्वचा डोळ्यांनी पाहावी लागते, बोटाने चाचपावी लागते. पण डॉक्टर पाहतील तेव्हा पाहतील, त्याआधी घरातल्या कुणीही स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पुटकुळ्या नेमक्या कुठे आहेत? खाज कधी वाढते? आणि घरात आणखी कुणाला खाज येते का? पुटकुळ्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला, जांघेत असतील, खाज अंथरुणात शिरल्यावर वाढत असेल आणि एकाहून अधिक माणसे खाजवत असतील, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती खरूजच समजावी. बाळांत आणखी एक खूण असते. मोठ्या माणसांना सहसा मानेच्या वर खरूज होत नाही, पण दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना तळहात, तळपाय, डोके, कानामागे, चेहऱ्यावरही होते. तळपायावर बारीक पाणी भरल्यासारख्या पुटकुळ्या असलेले आणि रात्रभर चुळबुळणारे बाळ पाहिले की अनुभवी डॉक्टर आधी आईचे हात पाहायला मागतात.

खरूज म्हटले की लोकांना राग येतो. ‘आमच्या घरी रोज अंघोळ होते, कपडे रोज धुतले जातात, आमच्याकडे खरूज कुठून येणार?’ हा राग आम्हाला कळतो, पण त्याला आधार नाही. खरूज घाणीमुळे होत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असलेल्या एका किड्यामुळे ती होते आणि माणसाच्या त्वचेला त्वचा बराच वेळ टेकली की तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणजे जिथे माया जास्त, जिथे लेकरे आजीच्या कुशीत झोपतात, चार चुलत भावंडे एका गादीवर लोळतात, बाळ या कडेवरून त्या कडेवर फिरते, तिथे तो लवकर पसरतो. दाटीवाटीच्या घरांत जास्त दिसतो, पण बंगल्यातही असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले, यावरूनच तिच्याकडे किती काणाडोळा झाला ते दिसते. तसे पाहिले तर हा किडा हकिमांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. बाराव्या शतकात अंदलुसमधल्या इब्न झुहर यांनी त्वचेत फिरणाऱ्या, नजरेला जेमतेम दिसणाऱ्या या जीवाची नोंद केली होती. पुढे १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खाज त्याच्यामुळेच येते असे मांडले. आजारामागे काहीतरी अदृश्य ‘गरमी’ नसून एक जिवंत प्राणी आहे, हे इतके जुने ज्ञान आहे.

हा किडा वागतो कसा, ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण उपचार त्यावरच ठरतो. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, साधारण दोन आठवड्यांत पिल्ले मोठी होतात. एका माणसाच्या अंगावर पूर्ण वाढलेले किडे बहुधा १०-१५ च असतात, पण पुटकुळ्या शेकडो दिसतात. कारण पुटकुळ्या किड्याच्या चाव्याच्या नसतात. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध शरीर जो कांगावा करते, त्याच्या त्या असतात. आणि पहिल्यांदाच खरूज झालेल्या माणसाच्या शरीराला हा कांगावा सुरू करायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे महिनाभर किडा अंगावर आहे, दुसऱ्याला जातो आहे, आणि त्या माणसाला मात्र काहीच होत नाही. ‘मला कुठे खाज आहे, मी कशाला लावू?’ म्हणणारे अब्बू किंवा चाचा हेच घरात खरूज टिकवून ठेवतात ते असे.

म्हणूनच एकट्या बाळाला औषध लावून काही होत नाही. सगळ्या घराला, एकाच रात्री. हे जमले तर घर सुटते.

साधारणपणे डॉक्टर ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम देतात. दोन महिन्यांवरील बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत ते चालते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही डॉक्टर तेच सुचवतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र घरच्या घरी काहीही लावू नये, त्याला डॉक्टर वेगळे, बहुधा गंधकाचे सौम्य मलम लिहून देतात. खेड्यांतल्या जुन्या बायका खोबरेल तेलात गंधक खलून लावत, ती गोष्ट अगदीच वाऱ्यावरची नव्हती. पण घरगुती मिश्रणात गंधक किती पडले याचा नेम नसतो आणि लेकराची कातडी भाजून निघते, म्हणून ते आता करू नये. गॅमा बेंझिन नावाचे औषध असलेले जुने लोशन काही घरांत अजून बाटलीत पडलेले असते. ते लहान बाळाच्या त्वचेतून आत शिरून आकडी आणू शकते. ती बाटली फेकून द्यावी.

मलम कसे लावायचे यात बहुतेक घरे चुकतात, म्हणून जरा तपशिलात लिहितो. घरातले सगळे मुक्कामाला असतील अशी रात्र निवडा. नखे कापून घ्या. गरम पाण्याने अंघोळ करून लगेच लावू नका, अंग कोरडे आणि थंड हवे. मोठ्यांनी मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत लावायचे, पुटकुळ्या आहेत तिथेच नव्हे. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, काखा, बेंबी, जांघा, नितंबांची घडी, गुप्तांगांवर, पायांच्या बोटांमध्ये, एकही जागा सोडायची नाही. लाजेने जी जागा सुटते तिथेच किडा उरतो. बाळाला डोके, कपाळ, कानामागेही लावायचे, फक्त डोळे आणि तोंडाभोवतीची जागा वगळून. बाळ हात चोखते, म्हणून हातांत स्वच्छ मोजे घाला. आईने पाजण्याआधी स्तनाग्रावरचे मलम पुसून धुवावे आणि पाजून झाल्यावर पुन्हा लावावे. एका मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅम मलम लागते. एकच छोटी ट्यूब सहा जणांना पुरवण्याच्या नादात सगळ्यांनाच अपुरे लागते आणि मग ‘औषध गुणकारी नव्हते’ असे म्हटले जाते. परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात विचारावे, पण पातळ थर फासून वेळ मारून नेऊ नये.

औषध अंगावर ८ ते १४ तास राहायला हवे. आपल्या घरांत सोयीची वेळ म्हणजे इशाच्या नमाजनंतरची. थंडीत इशा ते फजर एवढा वेळ पुरतो, पण उन्हाळ्यात रात्र लहान पडते. शिवाय फजरच्या वुजूत हात, पाय, चेहरा धुतला गेला की तिथले औषध गेले, आणि हाताच्या बेचक्या तर किड्याची सर्वांत आवडती जागा. तेव्हा नमाज झाल्यावर हातापायांना पुन्हा मलम लावायचे आणि सकाळी आठ-नऊ वाजता सगळ्यांनी अंघोळ करायची. रात्री बाळाला स्वच्छ करताना तुमचे हात धुतले गेले, बाळाची शी-शू पुसताना त्याचे मलम निघाले, तर तेवढ्या जागी पुन्हा लावा. मलम अंगावर असताना वुजूचा काही मसला मनात येत असेल तर तो आपल्या आलिमांना विचारावा. आम्ही इथे औषधापुरतेच बोलतो आहोत.

हेच सारे एका आठवड्याने, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, पुन्हा करायचे. पहिल्या वेळी जी अंडी वाचली असतील त्यांतून निघालेली पिल्ले मोठी होण्याआधी गाठायची असतात. दुसरी खेप टाळणारी घरे महिन्याभराने पुन्हा दवाखान्याच्या दारात दिसतात. काही वेळा डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही देतात, पण १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्या देत नाहीत. तेव्हा एकाला लिहून दिलेली गोळी दुसऱ्याला वाटू नका.

कपड्यांबद्दल उगीच दहशत आहे. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. मलम लावण्याच्या आधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, ओढण्या, टोप्या, बाळाची लंगोटे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. गोधडी, रजई, कापडी खेळणी, जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. घरात धूर करणे, भिंती फवारणे, गाद्या जाळणे यातले काहीही लागत नाही. बकरी ईदला घरी आणलेल्या बकऱ्याला किंवा मांजराला दोष देण्याचीही गरज नाही. जनावरांच्या खरजेचा किडा माणसाला चार दिवस खाज आणू शकतो, पण माणसाच्या अंगावर तो वंश वाढवत नाही.

आता सर्वांत अवघड भाग, म्हणजे उपचारानंतरचे दिवस. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते, कारण मेलेले किडे आणि त्यांची घाण त्वचेत असते आणि शरीर आपला राग सोडत नाही. आई घाबरते, रोज मलम लावते, त्याने त्वचा कोरडी पडून आणखी खाजते. असे करू नये. या काळात खोबरेल तेल किंवा साधे मऊ ठेवणारे मलम लावावे, गरज पडली तर खाजेचे औषध डॉक्टरांनी वजन पाहून द्यावे. बाळांच्या काखेत, जांघेत तांबूस-तपकिरी गाठी उरतात. त्या कधी कधी काही महिने टिकतात आणि त्यांत जिवंत किडा असेलच असे नाही. चार आठवड्यांनंतरही नव्या पुटकुळ्या येत असतील तरच समजावे की घरात कुणीतरी सुटले आहे. बहुधा ते माणूस घरात राहणारे नसते : रोज बाळाला घेणारी शेजारची मुलगी, आठवड्याला येणारी फुफी, नाहीतर वसतिगृहातून किंवा मदरशातून सुट्टीला आलेला मुलगा. तसे असेल तर वसतिगृहाला कळवा. तिथल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी औषध मिळाले नाही तर तुमचा मुलगा दर सुट्टीत खरूज घेऊनच येणार. कळवताना तक्रारीचा सूर नको, आजार कुणाच्या मालकीचा नसतो. आणि हो, पहिली रात्र नीट पार पडली की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत जाऊ शकते, त्याला महिनाभर कोंडून ठेवू नये.

‘मेडिकलमधून आणलेली ट्यूब’ या विषयावर आम्हाला थोडे रागानेच लिहावे लागते आहे. आपल्याकडे दुकानात पुटकुळ्या दाखवल्या की काउंटरवरून एक मलम पुढे येते. त्यात बहुतेक वेळा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि एक जबरदस्त स्टेरॉइड असे सगळे एकत्र कोंबलेले असते. स्टेरॉइड खाज आणि लाली दडपते, म्हणून दोन दिवसांत चमत्कार वाटतो. खाली खरूज असेल तर किडा मजेत वाढतो, नायटा असेल तर बुरशी पसरते, आणि पुटकुळ्यांचे रूपच असे बदलते की नंतर डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. लेकराची त्वचा पातळ, त्यात चेहरा, जांघा, लंगोटाखालची जागा तर आणखी नाजूक. तिथे महिनोन्‌महिने हे फासले की त्वचा कागदासारखी होते, शिरा दिसू लागतात, पांढरे पट्टे उमटतात, आणि औषध रक्तात जाऊन बाळाची वाढही रोखू शकते. सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली, पण दुकानात काय चालते ते आपण सगळे जाणतो. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर डॉक्टरांनी तोंडाने आणि चिठ्ठीत ‘एवढे दिवस’ असे सांगितल्याशिवाय बाळाला लावू नका. स्टेरॉइड वाईट औषध नाही. इसबासारख्या आजारात योग्य ताकदीचे, मोजके दिवस वापरले तर बाळाला झोप देते. वाईट आहे ते काउंटरवरचे निदान.

अंडे आणि दूध बंद केल्याबद्दल त्या भगिनीला आम्ही स्पष्ट सांगतो : सुरू करा. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर तो खाल्ल्यावर काही मिनिटांत ते साधारण दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. तीन महिने एकाच जागी बसलेल्या, रात्री खाजणाऱ्या पुटकुळ्या अंड्याने येत नाहीत. वाढत्या बाळाचे जेवण तोडणे हा या सगळ्या प्रकरणातला खरा तोटा आहे. खरूज महिन्यात जाईल, गेलेले वजन भरून काढायला वेळ लागेल. सासूबाईंना ‘तुमचे चुकले’ म्हणून दुखावण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या समोर त्यांना सोबत न्या आणि तिथेच त्यांना विचारू द्या. बऱ्याच घरांत हाच मार्ग सोपा पडतो.

अर्थात प्रत्येक पुटकुळी खरजेची नसते, आणि इथेही ‘कुठे, कधी, आणखी कुणाला’ हे प्रश्न कामी येतात. उन्हाळ्यात मान, पाठ, काखेत टाचणीच्या डोक्याएवढ्या घामोळ्या येतात. हवा, सुती कपडे आणि कमी पावडर एवढाच त्यांचा उपचार. जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाच्या अंगावर लाल डाग आणि मधोमध पांढरा ठिपका असे काही उठले आणि बाळ नीट पीत असेल, तर ते आपोआप जाते. त्यावर हळद, बेसन, अत्तर काहीही लावू नये. पायांवर, हातांवर उघड्या भागांत ठसठशीत खाजणाऱ्या गाठी असतील आणि खोलीत डास किंवा खाटेत ढेकूण असतील तर त्या चाव्याच्या. एकाच अंथरुणात झोपून एकालाच त्या का, असे विचारले जाते. काही मुलांची त्वचा चाव्यावर जास्त चिडते, वाढत्या वयात ते कमी होते. मोत्यासारखे, मधोमध खळी असलेले, न खाजणारे दाणे मोलस्कम नावाच्या विषाणूचे. ते महिनोन्‌महिने राहून स्वतःच जातात, नखाने फोडले की पसरतात. गालांवर कोरडे लाल चट्टे, पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत, आणि घरात कुणाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असेल तर इसब असण्याचा संभव. त्याला साबण कमी आणि तेल-मलम जास्त लागते. आमच्याकडे मालिशीला मोहरीचे तेल वापरणारी घरे आहेत. ज्या बाळाची त्वचा आधीच चिडलेली आहे त्याला ते झोंबते, त्याऐवजी खोबरेल बरे. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतण्याची सवयही सोडावी. बाळाच्या कमरेचा काळा दोरा किंवा गळ्यातला तावीज सतत ओला राहून खालची त्वचा सोलवटत असेल तर तो काही दिवस तरी काढून ठेवा.

ईदच्या तोंडावर एक वेगळीच पुरळ येते. तासाभरात गर्द काळा रंग देणारे मेंदीचे कोन असतात, त्यांत केस काळे करण्याच्या रंगातले पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असते. खरी मेंदी काळी नसते आणि तिला रंगायला वेळ लागतो. काळ्या मेंदीने काही मुलींच्या हातावर काही दिवसांनी नक्षीच्याच आकारात फोड उठतात. फोड बरे होतात, पण त्या रसायनाची ॲलर्जी आयुष्यभर राहू शकते आणि पुढे केसांचा रंग लावला तर चेहरा सुजून दवाखाना गाठावा लागतो. मुलींच्या हातावर पाल्याची मेंदीच लावा, रंग थोडा फिका आला तरी चालेल.

आता ताप आणि पुरळ एकत्र असेल तर. इथे वरचा सगळा निवांतपणा बाजूला ठेवा. आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारी पुरळ, हे गोवराचे रूप. पुस्तकांतल्या चित्रांत ती लालभडक दिसते. आपल्या सावळ्या लेकरांच्या अंगावर ती तपकिरी, जांभळट दिसते किंवा नुसती खरखरीत लागते, म्हणून लक्षातच येत नाही. ‘माता निघाली आहे, औषध द्यायचे नाही’ असे आपल्या मोहल्ल्यांतही म्हणतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, मालेगाव आणि भिवंडीतही पोहोचली, आणि लेकरे दगावली. त्यांतल्या अनेकांना लस मिळालेली नव्हती. गोवरात पुरळ मारत नाही, नंतर होणारा न्यूमोनिया, जुलाब आणि मेंदूची सूज मारते. मूल दवाखान्यात नेले तर डॉक्टर वयानुसार दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचण्यास मदत होते. गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते : पहिली ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. एखादी चुकली असेल तर वय उलटले म्हणून गप्प बसू नका, केंद्रावर जाऊन विचारा.

कांजिण्यांत पाण्याचे फोड एकामागून एक खेपेने येतात, एकाच वेळी नवे, पिकलेले, खपली धरलेले असे सगळे दिसतात. मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये. तोंडात छाले आणि तळहात-तळपायांवर फोड असा आजार पावसाळ्यात शाळांतून फिरतो, तो आठवडा-दहा दिवसांत जातो, पण तोंड दुखते म्हणून मूल पाणी पीत नसेल तर दाखवा.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर सकाळची वाट पाहायची नाही. तापाबरोबर अंगावर जांभळे ठिपके आले आणि त्यांवर काचेचा पेला दाबून धरल्यावरही ते फिके पडत नसतील तर रात्री दोन वाजताही रुग्णालयात जा. गांधींबरोबर ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास घरघरू लागला तर तसेच. त्वचा भाजल्यासारखी सोलत असेल, बाळ दोन महिन्यांच्या आतले असून तापले किंवा पीत नसेल तर तसेच. आणि खरजेशी संबंधित एक खूण : खाजवून पुटकुळ्या पिकल्या, त्यांवर मधाच्या रंगाची खपली धरली, तर त्यांत जंतू शिरले आहेत आणि त्याला वेगळे औषध लागते. अशा पिकलेल्या खरजेनंतर दोन-तीन आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला, लघवी कमी किंवा काळ्या चहासारखी झाली, तर तो मूत्रपिंडांचा त्रास असू शकतो. त्वचेच्या खाजेने मूत्रपिंडापर्यंत मजल मारावी हे पुष्कळांना खरे वाटत नाही, पण ते होते.

दवाखान्यात जाताना पुरळ जेव्हा सर्वांत जास्त दिसते, बहुधा रात्री, तेव्हाचे फोटो मोबाइलवर काढून न्या. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या वापरलेल्याही, पिशवीत घालून न्या. घरातल्या ज्यांना ज्यांना खाज आहे त्यांना सोबत न्या, आणि ‘फक्त बाळाला दाखवायचे आहे’ असे म्हणू नका. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असते, तिचे वार आधी विचारून घ्या.

या सदराला लिहिणाऱ्यांनी यापुढे पत्रात बाळाचे वय आणि वजन, पुटकुळ्यांच्या जागा, किती दिवस झाले, घरात किती जण आहेत व त्यांतल्या कितींना खाज आहे, आणि आतापर्यंत काय काय लावले त्या औषधांची ट्यूबवर छापलेली नावे जरूर कळवावीत. नाव-पत्ता छापला जात नाही.